जोडीचा श्वास

पुन्हा घोडं तिथेच अडलं. चटईवर पडलेल्या वैद्यलिंगमने हात डोक्यामागे नेत श्वास घेतला, हात खाली आणत सोडला, आणि सोडून झाल्यावर त्याची छाती दगडासारखी घट्ट झाली. डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कुठे त्याने घाईघाईने हवा ओढली.

कोमलवल्ली अम्मा त्याच्या उशाशी बसल्या होत्या. कुंभकोणमच्या आपल्या घराच्या ओसरीवर त्यांनी योगाने कितीतरी दुखऱ्या पाठी आणि त्याहून दुखरी मनं बरी केली होती. त्याबद्दल त्या स्वतः कधी बोलत नसत. गावच बोलायचं.

"झालं अम्मा, माझा भाता फाटला," वैद्यलिंगम म्हणाला. "देवाच्या रथापुढे वाजवायला दुसरं कुणी बघा, असं देवळात सांगूनच येतो आज."

देवापुढे नादस्वरम, म्हणजे सनईसारखंच पण लांब वाद्य, वाजवणं हे त्याच्या घराण्याचं पिढीजात काम. गेल्या पोंगलला थोरला भाऊ सबापती वारला आणि तेव्हापासून याला एक ओळ धड वाजवता येईना. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं ठणठणीत आहेत.

"घोरताना बरा पुरतो यांना श्वास!" त्याची बायको तिलकम कोपऱ्यातून म्हणाली. बोलता बोलता तिने पदराने डोळे टिपले.

अम्मांचा हात त्याच्या बरगडीवर होता. "सोडतोस छान. घेत नाहीस. सोडून झालं की थांबतोस. कुणाची वाट बघतोस रे?"

वैद्यलिंगम उठून बसला. दोघे भाऊ उभी हयात जोडीने वाजवत आले होते. एकाचा दम संपला की दुसरा सूर उचलायचा.

"अण्णाचा सूर कानावर आला," तो हळूच म्हणाला, "की मगच मी श्वास घ्यायचो."

एवढं बोलला आणि ढसाढसा रडला. स्मशानातही तो असा रडला नव्हता.

अम्मांनी त्याला पुरतं रडू दिलं. "पड आता. माझा गळा म्हणजे फुटकी घागर, पण घे चालवून." त्याचा श्वास सोडून झाला की त्या गुणगुणत, आणि मग तो श्वास घेई. रोज ते गुणगुणणं जरा हळू होत गेलं. थांबलं कधी, वैद्यलिंगमला कळलंही नाही.

रथाच्या दिवशी देवळाने जोडीला नवा वादक देऊ केला. वैद्यलिंगमने हात जोडले. "उजवीकडची अण्णाची जागा मोकळीच राहू द्या."

ढोल घुमू लागला. त्याने पहिली ओळ शेवटापर्यंत नेली आणि नादस्वरमवरून ओठ काढले. गर्दीत अम्मांचे ओठ सवयीने हलले. त्यांनी झटकन तोंडावर हात ठेवला. ढोलवाल्यानेही हात आवरला. अण्णा सूर उचलायचा तेवढा वेळ सगळं गप्प झालं, आणि त्या गप्प जागेत वैद्यलिंगमने छातीभर श्वास घेतला.