दोन ठोक्यांची जागा

"आखूड करून द्या, काका. पहिल्या भोकावर आणा," असं म्हणून तिनं बेस गिटार फळीवर आडवी ठेवली.

वाद्यांच्या दुकानातल्या कोपऱ्यात काका पट्टे शिवत बसायचे. त्यांच्या हातातली आरी हातातच राहिली. मागच्या महिन्यापर्यंत सलग चार महिने हाच पट्टा ते तिला एकेक भोक सैल करून देत होते. मागच्या खेपेला भोकंच संपली, तेव्हा वीतभर चामडं वर जोडून दिलं होतं. "आता बाळालाच सांग आवरतं घे म्हणून, माझ्याकडचं चामडं संपत आलं," असंही म्हणाले होते, आणि दोघं पोट धरून हसले होते. आज तिचा सदरा खांद्यापासून सरळ खाली उतरला होता. दिवस तर अजून भरायचे होते.

"कधी गं?"

"महिना झाला."

काकांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता तो.

तेवढ्यात गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांच्या कपाटामागून दुकानातला बडबड्या आला. दुकानाचा निम्मा माल त्याच्या जिभेवरच खपायचा. "या या ताई! आज एकट्याच? बाळाचं तिकीट परवडेना वाटतं?"

"तोंड आवर," काका म्हणाले.

बडबड्यानं आधी काकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग तिच्या सदऱ्याकडे. तो मागे फिरला आणि फडकं घेऊन कपाटाची काच पुसत राहिला, एकाच जागी.

काकांनी तिच्या खांद्यावर एक रुंद, आतून मऊ अस्तराचा पट्टा चढवला. "बघ, खांद्याला ओझं कळणारसुद्धा नाही."

"खांद्याचं काही नाही हो, काका. लाकूड पोटाला टेकतं." तिनं गिटार वर ओढली, बाजूला सरकवली, पुन्हा ओढली. "टेकणार नाही असा नाही का एखादा?"

"टेकल्याशिवाय वाजेल कशी ती?"

तिनं पट्ट्याची कड बोटांत धरली. मग पट्ट्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "जाड तार छेडली की थरथर आत जायची. दोन ठोके गेले की लाथ यायची. दर वेळी. मी थांबायची तिच्यासाठी. अजून थांबते. हात आपोआप थांबतो. परवा तालमीत थांबले आणि बाकीचे पुढे निघून गेले. ड्रमवाला म्हणाला, झोप झाली नाही का?"

"मग?"

"शनिवारी कार्यक्रम आहे. तोंडानं कुणी काही म्हणत नाही. पण दुसरा बेसवाला तालमीला येऊन बसतो, मागे खुर्ची टाकून. शनिवारी चुकले तर ती खुर्ची पुढे येईल."

काचेवरचं फडकं थांबलं होतं. बडबड्यानं कपाटातून एक छोटी निळी पेटी काढली, तिला वायर जोडली आणि हळूच तिच्या पायाशी आणून ठेवली. आवाज एरवीच्या निम्माही नव्हता त्याचा. "ताई, बेसला हे कुणी लावत नाही. पण बघा. छेडलेला सूर ही परत देते. किती वेळानं द्यायचा ते आपण ठरवायचं. मी दोन ठोक्यांवर लावलंय. म्हणजे थांबलात तरी जागा रिकामी वाटणार नाही."

तिनं जाड तार छेडली. थांबली.

दोन ठोके गेले आणि सूर परत आला. हलका, कसल्या तरी पडद्याआडून आल्यासारखा. तिनं श्वास रोखला. तो पुन्हा आला, आणखी हलका. मग नुसता भास उरला आणि तोही विरला.

तिनं पुन्हा छेडली. पुन्हा. पाच-सहा वेळा तरी. गाणं कसलंच नव्हतं त्यात. एक सूर, आणि मान थोडी कलती करून वाट बघणं.

"जमलं ना?" बडबड्याचा चेहरा उजळला होता.

"बंद कर ते," काका म्हणाले. पण तिनंच पाय पुढे करून बटण दाबलं.

"नको, दादा. चांगलंय. पण हे घेतलं तर मी वाजवणारच नाही. ऐकतच बसेन." तिनं मऊ पट्टा उतरवून परत दिला. "माझाच द्या, काका. टेकू दे."

काकांनी जुना पट्टा मांडीवर घेतला. जोडलेल्या चामड्याचे टाके एकेक करून उसवले. तो वीतभर तुकडा टाकायच्या डब्याकडे गेला आणि तिथून परत येऊन त्यांच्या खिशात गेला. मग कड दुमडून त्यांनी नवी शिवण घातली, पहिल्या भोकावर खिळा ठोकला आणि पट्टा तिच्या गळ्यात घातला.

"सगळं गाणं वाजव. शिवण गळ्याच्या हाडाशी टोचेल कदाचित. टोचली तर सांग, घासून देतो."

ती वाजवू लागली. मान वाकडी करून ती शिवणीकडे बघत होती. काकांनी पट्ट्याखाली दोन बोटं घातली होती आणि तिच्या खांद्याच्या हालचालीबरोबर तीही सरकत होती. गाणं वर चढलं, खाली आलं, जाड तारेवर गेलं, तिथून निघालं, पुन्हा गेलं. शेवटचा सूर आला तसा बडबड्या टाळ्याच वाजवायला लागला.

"ताई! अहो, एकदाही थांबला नाहीत! शनिवारची काळजीच सोडा!"

तिचा हात तारांवर तसाच राहिला.

"टोचली का गं?" काकांनी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. डोळे भरून आले होते.

"थांबायचं विसरले, काका," ती म्हणाली.