पडद्यावर बंद

टच पॅनेलच्या पडद्यावर हिरव्या पट्टीत लिहिलं होतं, 'मिक्सर बंद'. त्याखाली मिक्सरवरच्या भरड्याच्या टाकीचं वजन, ४१२ किलो.

"चार दिवस झालं, ह्ये पॅनेल मधनंच अडकतंय," ऑपरेटर अजित म्हणाला. "थाप मारली की परत चालू हुतं. आज थापबी घेईना."

पणदऱ्याच्या रस्त्यावरच्या या पशुखाद्य कारखान्यात वृषाली पहिल्यांदाच आली होती. सकाळी बारामतीत दुरुस्तीसाठी फोन आला आणि ती बॅग घेऊन निघाली. तिने कंट्रोलचं कपाट उघडलं. मशिन खरं चालवतो तो आतला कंट्रोलर. पडदा फक्त त्याच्याकडून आलेलं दाखवतो. दोघांच्या मध्ये एकच राखाडी केबल होती. तिच्या टोकाचे दोन्ही बारीक स्क्रू गायब होते. कुणीतरी गुंडाळलेली चिकटपट्टी भुशाच्या धुळीने सुटली होती. बोट लावताच टोक डुगडुगलं.

"संपर्क तुटला की पडद्यावर मेसेज यायला हवा. येत नाही?"

"यायचा की, सारखाच. कामात आडवा यायचा, म्हनून मागल्या महिन्यात एकाकडनं बंद करून घेतला."

वृषालीने आपली केबल थेट कंट्रोलरला लावली आणि लॅपटॉप स्टुलावर ठेवला. आकडे आले.

टाकीचं वजन ४६८. मशिन ऑटोवर.

तिने पडद्याकडे पाहिलं. ४१२. पुन्हा लॅपटॉपकडे. ४७१.

"मिक्सर बंद कुठून केलात?"

"हितनंच, पॅनेलवरनं. बंद दिसतंय न्हवं?"

"ते सकाळचं आहे. तुमचं बटण आत पोचलंच नाही. टाकीत पाचशे किलो भरले की माल खाली पडून मिक्सर आपोआप फिरणार."

अजितने वळून मिक्सरकडे पाहिलं.

"तात्या आत हायत."

"कुठे?"

"मिक्सरमधी. सोपानतात्या. म्हनलं तुमचं काम हुईस्तवर पाती खरवडून घ्यावी."

४७९.

अजित शिडीकडे धावला. "तात्या! भायेर या!" पण भरड्याची चक्की धडधडत होती, त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नसेल. वृषालीने कपाटाच्या दारावरचं, सगळं एकदम थांबवणारं लाल बटण तळहाताने दाबलं. चक्की तशीच चालू. पुन्हा दाबलं. मग तिला बटणाच्या मागे जोडलेला वायरचा तुकडा दिसला. बटण कामातून काढून टाकलं होतं.

४८८.

शेजारच्या कपाटाला मेन स्विचचा दांडा होता. तिने तो खाली ओढला. हलला नाही. तळवे घामाने निसटत होते. तिने ओढणी दांड्याला गुंडाळली, दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलून लोंबकळली.

खाड.

दिवे गेले. चक्की घरघरत हळूहळू थांबली. लॅपटॉपवर शेवटचा आकडा तसाच राहिला होता, ४९६. तरीही तिला खात्री वाटेना. एवढ्या आवाजात मिक्सरने एखादा फेरा घेतला असता तर कळलं असतं का?

"तात्या!" अजित शिडीवरून ओरडला.

त्याने झाकणातून डोकं आत घातलं.

"तात्या, ओ तात्या!"

आतून खोकल्याची उबळ आली. मग झाकणाच्या कडेवर एक हात दिसला, पांढऱ्या धुळीने माखलेला.

"लाइट गेली व्हय?" सोपानतात्या बाहेर डोकावून म्हणाले. "अजून निम्मंबी झालं न्हाय."

अजितने त्यांना काखेत धरून खाली उतरवलं. वृषालीने बॅगेतलं कुलूप काढून मेनच्या दांड्याला घातलं.

"मॅडम," अजित तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "वर सांगू नका."

"वर मी सांगणारच. आधी ह्यांना सांगा."

अजितने सांगितलं. अडखळत, मान खाली घालून. केबलचं, वजनाचं, लाल बटणाचं. तात्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत सगळं ऐकलं. ऐकता ऐकता टॉवेल थांबला. त्यांनी मिक्सरच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं.

"कालबी असंच अडकलं हुतं न्हवं?"

"व्हय."

"काल मी वरकुट्याला गेल्तो, लेकीकडं. मग काल पाती खरवडाय आत कोन उतरलं?"

अजितने शिडीची पायरी घट्ट धरली.

"मी," तो म्हणाला.