दोन पावलं मागे

"अहो, पाय इकडे करा. पायमोजा माझ्याच्याने चढेल, तुमच्याने नाही," बायको म्हणाली.

पोस्टमनने पलंगाच्या काठावर बसून निमूटपणे उजवा पाय पुढे केला. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी सगळे त्याला पोस्टमनच म्हणत. लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्याने एकेकाळी भल्याभल्यांच्या तोंडाला फेस आणला होता. आता मात्र उजवा खुबा ऐकत नव्हता. वाकलं की कळ मस्तकात जाई, आणि धावताना तो पाय जमिनीला घासत येई.

"डॉक्टर सांधा बदला म्हणून कधीचे सांगताहेत," बायकोने बुटाची नाडी आवळली.

"आजची शर्यत होऊ दे. मग सांधा बदला, नाहीतर आख्खा माणूस बदला."

"माणूस बदलायचा विचार मी लग्नानंतर लगेच केला होता. तेव्हा जमलं नाही, आता काय जमतंय! पहिले येणार आहात का शर्यतीत?"

"टेलरच्या पुढे राहिलो तरी बास."

टेलर म्हणजे त्याचा जुना मित्र आणि तितकाच जुना वैरी. उभी हयात दोघं पहाटे तळ्याकाठी धावले आणि दरवेळी टेलरच पुढे राहिला. गेल्या वर्षापासून मात्र सगळं उलटं झालं होतं. "पुरे झाली शिलाई," म्हणत टेलरने चांगलं चालतं दुकान बंद केलं. पूर्वी तो हाक मारायला यायचा, आता पोस्टमनलाच त्याच्या दारात जावं लागे. आणि धावताना तो कायम दोन पावलं मागे. खुब्यात चमक आली की पोस्टमन मंदावे, की टेलरही मंदावे. पुढे म्हणून जात नसे.

पोस्टमनच्या मनात ते सलत होतं. बायकोनेच ह्याच्या कानावर घातलं असणार, आणि हा आता कीव करतोय. दुखणं सोसता येतं, कीव सोसवत नाही.

शर्यत सुरू झाली. तळ्याला वळसा घालेपर्यंत खुबा बरा वागला. पाण्याच्या टेबलाशी पोस्टमनने दोन पेले उचलले आणि एक मागे धरला. टेलरने तो घेताघेता अर्धं पाणी अंगावर सांडलं.

"हात थरथरतात का रे तुझे?"

"वय झालं बाबा. चल, थांबू नकोस."

टेकडीचा चढ लागला आणि खुब्यात कुणीतरी खिळा ठोकावा तसं झालं. पोस्टमनने दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने घामाबरोबर पुसलं. तरणीताठी पोरं "चला काका, चला!" करत बाजूने निघून गेली. पाठीमागे टेलरचा श्वास तेवढा, संथ, बिनकष्टाचा. रस्त्याला जिथे दोन फाटे फुटत होते, तिथे पोस्टमनने हात टेकले आणि दगडी कठड्यावर बसकण मारली.

"काय झालं रे?" टेलर जागच्या जागी थांबला.

"माझं संपलं. तू हो पुढे."

"मी थांबतो."

"जा म्हणतो ना! इथून पुढे सगळा उतार आहे. तुझ्या पायांत अजून दम आहे, मला काय कळत नाही? वर्षभर माझ्या मागेमागे राहून दया दाखवतोयस. नको मला तुझी दया! हरवायचंय ना, तर नीट हरव."

हाताने कठडा चाचपत टेलर शेजारी टेकला. शेवटचे दोन-चार धावणारेही निघून गेले, रस्ता सुनसान झाला.

"दया?" तो हळूच म्हणाला. "पुढे जायला पाय आहेत रे माझे, पण जाऊ कुठे? समोर नुसतं धुकं दिसतंय मला. घरी कळलं तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत. वर्षभर मी तुझ्या घासणाऱ्या पायाच्या आवाजामागून धावतोय."