कललेलं पाणी

राज्यभरातल्या नळांचं पाणी दर सोमवारी सीलबंद बाटल्यांतून सरकारी प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईंच्या टेबलावर येई. त्यांची सही झाली की लोकांनी ते बिनघोर प्यावं, असा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. पाण्यातली खोट काढण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

आज मात्र त्यांचं पेन अडलं. दोनशे बाटल्यांतलं पाणी त्यांच्या बाजूला कललं होतं.

"काका, टेबलाचा पाय मोडलाय का हो?"

शिपाईकाका वाकून बघून म्हणाले, "टेबल ठणठणीत आहे, बाई. पाणीच तिरकं उभं आहे."

बाईंनी एक बाटली फिरवली. आतलं पाणी हळूच वळून पुन्हा त्यांच्याकडे कललं. त्या उठून खिडकीपाशी गेल्या, तर दोनशेच्या दोनशे बाटल्यांतलं पाणी खिडकीकडे वळलं.

"हे तुम्हाला ओळखतंय," काका कुजबुजले. त्यांनी चपला केव्हाच काढून ठेवल्या होत्या.

बाईंचा ऊर भरून आला, डोळ्यांत पाणी दाटलं. थेंब गालावर ओघळलाच नाही. पापणीवरून सुटून तो हवेतून सावकाश बाटल्यांच्या दिशेने निघाला.