पारखून घेतलेला माणूस

पार्सल पोचवायच्या कामासाठी एक ड्रायव्हर आपला परवाना, पोलिसांचा दाखला, जुन्या मालकाची चिठ्ठी असं सगळं फाइलीत लावून गेला. कंत्राटदारानं फाइल उघडलीसुद्धा नाही. "गाडी स्वतःची आहे ना? मग उद्यापासून ये."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच घरी बाईंनी दार साखळीपुरतंच उघडलं. फाइल मागून घेतली, परवान्यावरचा फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला, वर चिठ्ठीवरच्या नंबरावर जुन्या मालकाला फोनही लावला. ड्रायव्हरचं डोकंच फिरलं.

"बाई, मी काय चोर वाटलो तुम्हाला? आमच्या कंत्राटदारांनी चांगलं पारखून घेतलंय मला!" त्यानं ठोकून दिलं.



साखळी न काढताच बाई म्हणाल्या, "कुणाला सांगताय? कंत्राटदार म्हणजे आमचेच हे."