दूरच्या डोंगराचा रंग

“दूरचा डोंगर गडद हिरवाच भरायचा,” मावशी म्हणाली आणि तिने हिरव्या दोऱ्याची लडी कापडावर आपटली.

तुरुंगाच्या भरतकामाच्या खोलीत सगळ्यांच्या सुया थांबल्या. मोठ्या चौकटीवर ताणलेल्या कापडावर पेन्सिलीने देखावा काढलेला होता. पुढे शेत, मध्ये तळं, काठाला झाडं, मागे डोंगर. एका इस्पितळाच्या भिंतीवर तो लागायचा होता. शेताला साखळी टाका, पानांना गाठीचा, पाण्याला नुसता धावदोरा, हे सकाळीच ठरलं होतं. अडलं ते डोंगरावर.

“मावशे, तूच ना शिकवलंस?” पैलवान हसत म्हणाली. “जवळचं गडद, लांबचं फिकं. लांबच्या डोंगराला निळसर राखाडी घ्यायचा, नाहीतर तो पुढे येऊन तळ्यात पडतो. तुझेच शब्द.”

पैलवान म्हणजे आडव्या अंगाची, मोठ्या तोंडाची बाई, चोरीपायी आत आलेली. तिला सुईत दोरा ओवायलाही मावशीनेच शिकवलं होतं. ती तापाने फणफणली तेव्हा उशाशी मावशीच बसून होती.

“मी म्हणते ना, हिरवा.”

“म्हण की. मी राखाडीच भरणार.”

मावशीने तिच्या हातातला राखाडी दोरा हिसकावला. पैलवानने तो परत घेतला, अजून हसतच. तेव्हा मावशीने तिला आईवरून शिवी घातली. मावशीच्या तोंडून शिवी कुणी कधी ऐकली नव्हती. पैलवानचं हसू मावळलं.

“तोंड आवर, म्हातारे. नवऱ्याला कुऱ्हाडीने फोडून आलीस आणि मला शिव्या देतेस?”

मावशीने कात्री उचलली. तिथल्या कात्र्या टेबलाला साखळीने बांधलेल्या असत. साखळी पुरेना, म्हणून तिने पैलवानचा दंडच धरून जवळ ओढला आणि पातं आत घातलं. बाहेर काढलं, पुन्हा घातलं.

पैलवान आपल्या दंडाकडे बघत राहिली. रक्त कोपरावरून ओघळून कापडावर आलं, शेतात पसरलं. मग ती गुरासारखी ओरडली आणि डाव्या हाताची मूठ तिने मावशीच्या तोंडावर हाणली. मावशी स्टुलासकट मागे कोसळली. बायका किंचाळत भिंतीला चिकटल्या. वॉर्डरबाई धावत आली. तिचा दंडुका मावशीच्या पाठीवर, खांद्यावर, मनगटावर पडत राहिला. मावशीने हात आडवा घातला नाही. कात्री तिने केव्हाच सोडून दिली होती.

दुपारी तिला जेलरबाईंसमोर उभं केलं. ओठ फाटून सुजला होता, एक मनगट लोंबत होतं.

“पुढच्या आठवड्यात सुटणार होतीस,” जेलरबाई म्हणाल्या. “चांगल्या वागणुकीची शिफारस मी केली होती. मी! इतक्या वर्षांत कुणाला चिमटा काढला नाहीस आणि आज दोऱ्याच्या रंगावरून? आता सुटका विसर. नवा खटला होईल तुझ्यावर.”

“होऊ दे, बाई.”

“ती मेली असती तर?”

“नसती मेली. तिचा दंड भरलेला आहे. बघूनच धरला मी.” मावशीचा आवाज पहिल्यांदा हलला. “तिला सांगा, डोंगर राखाडीच भर म्हणावं. तिचंच बरोबर होतं.”

जेलरबाई खुर्चीत पुढे सरकल्या. “म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“मला भांडण पाहिजे होतं. ती काही केल्या भांडेना. बिचारी हसतच राहिली.”

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. भरतकामाची खोली धुवायची होती.

“बाई, एक काम करा. माझ्या सुनेला तिच्या माहेरी पोचवा. आजच. लेकाच्या घरी पोलीस घेऊन जा. एकट्या माणसाचं तिथे काही चालायचं नाही.”

“तुझी सून? काल तर भेटायला आली होती ना तुझ्या लेकाबरोबर?”

“आली होती. पहिल्यांदाच बघितली मी तिला.” मावशी टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होती. “लेकाने माझ्यासाठी नवे कपडे आणले होते. जाळीतून बोटं धरून रडला माझी. म्हणाला, आई, आता तू घरी आलीस की सगळं नीट होईल. ती मागे उभी होती. एक बोट वाकडं जुळलेलं. डोळ्याखाली पावडरीचा थर. मी विचारलं, काय झालं गं? तिने आधी त्याच्याकडे बघितलं. तोच म्हणाला, धांदरट आहे, सारखी पडते. त्याचा बापही लोकांना हेच सांगायचा. अगदी हेच, असाच हसून.”

जेलरबाईंनी फोन उचलला. नंबर फिरवता फिरवता त्या थांबल्या. त्यांचा राग अजून उतरला नव्हता.

“अगं, मग तर तू बाहेर जायला हवं होतंस! घरात राहून तिला वाचवायचंस. इथे राहून कुणाचं काय भलं केलंस?”

“वाचवलं असतं की,” मावशी म्हणाली. “पण मला वाचवायची एकच रीत येते, बाई. आणि तो माझा एकुलता एक आहे.”