न वापरलेली डबी

हैदराबादच्या एका संग्राहकाचं पत्र तीन वर्षं माझ्या पुस्तकात तसंच पडून होतं. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या तेलाच्या जुन्या डब्या त्यांनी आमच्या बोथ गावाच्या भागातून गोळा केल्या होत्या. 'इतर डब्यांचा रंग हाताळून उडाला आहे. तुमच्या वडिलांची मात्र नव्यासारखी आहे. ते खरंच हे काम करत होते का?' एवढंच विचारलं होतं. एवढ्या शिकलेल्या माणसाला मी काय सांगणार, म्हणून उत्तर लिहिलंच नाही.

परवा नातीनं, चैत्रालीनं, हैदराबादला त्या संग्राहकानं भरवलेल्या प्रदर्शनाचा फोटो पाठवला. बाबांच्या डबीखाली चिठ्ठी होती: 'शोभेची वस्तू. वापर नाही.'

बायको म्हणाली, "आता तरी लिवा. का तीस वर्सं शाळेत पोरांची हजेरीच घेतली तुमी?"

"अन् त्यांना पटलं नाही तं?"

"मामाजी मेंढी कातरताना कोनाले इचारत होते का, पटलं का म्हून?"

त्याच दुपारी चारदा लिहिलं. दर वेळी 'क्षमस्व' यायचं, तेच खोडत राहिलो. शेवटी उरलं ते असं:

'कातर लागून मेंढीला जखम झाली, तर त्यावर सोडायचं करंजाचं तेल त्या डबीत असे. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या. डबीला हात लावायची वेळ त्यांच्यावर आली नाही. चिठ्ठी बदला.'

टपालपेटीवर भरवसा न ठेवता मी पोस्टात जाऊन ते रजिस्टर केलं.